गणितात हुशार, मग कळत कसे नव्हते?

बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात मी किशोरवयातील मेंदूविषयी बोललो होतो. चहाच्या सुट्टीत एक गुरुजी बाजूला घेऊन म्हणाले, “सर, आमच्या एका माजी विद्यार्थ्यावर फार वाईट गुन्हा दाखल झालाय. मुलीवरच्या अत्याचाराचा. मुलगा कसा होता, म्हणून शाळेत विचारणा आलीय. आता पोरगं गणितात एक नंबर. त्याला कळत नव्हतं, असं मी कसं लिहू?”

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण नेमका हाच प्रश्न आपल्या कायद्यानेही विचारला आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या पद्धतीने विचारला आहे.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीची घटना आणि २०१३ मधील मुंबईच्या शक्ती मिलमधील अत्याचार, दोन्हींत अल्पवयीन आरोपी होते. शक्ती मिल प्रकरणातील दोघा अल्पवयीनांना २०१५ साली तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवण्यात आले. ‘एवढेच?’ असा संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्या मुलीवर अत्याचार होतो तिची वेदना, करणाऱ्याचे वय कमी आहे म्हणून कमी होत नाही. वयाची मर्यादा अठराच्या खाली आणू नये असे वर्मा समितीने २०१३ मध्ये सांगितले होते. तरीही बाल न्याय अधिनियम २०१५ आला व जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत त्याचे ‘प्राथमिक मूल्यमापन’ करायचे. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का आणि परिस्थिती काय होती, हे पाहायचे. त्यावरून मुलाचा खटला प्रौढासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचा की नाही हे ठरते.

या यादीत भावनेला जागा कुठे आहे ते शोधून पाहा. क्षमता आहे, समज आहे. राग, भीती, लाज, एकटेपणा, मित्रांसमोर मर्दुमकी दाखवण्याची ओढ यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ‘परिस्थिती’ या एका शब्दात ते सारे बसवायचे तर बसवा.

विज्ञानाच्या दृष्टीने हीच मोठी उणीव आहे. भारतासह अकरा देशांतील दहा ते तीस वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांइतकी होते. आवेग आवरणे, थरारापासून मागे हटणे, पुढचे पाहणे या गोष्टी मात्र अठराव्या वर्षानंतरही वाढत राहतात. त्याआधी, २००५ मध्ये, गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. एकटी असताना मुले प्रौढांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत; दोन मित्र बाजूला बसवले की त्यांनी पत्करलेला धोका कितीतरी वाढला. प्रौढांवर मित्रांचा असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे गुरुजींचा विद्यार्थी गणितात हुशार होता आणि त्याला ‘कळत’ही होते. पण गणित तो शांत खोलीत सोडवत होता. मूल्यमापनही शांत खोलीतच होते, घटनेनंतर काही आठवड्यांनी, बहुधा बुद्ध्यंकाची चाचणी हाताशी घेऊन. विहिरीची खोली मोजायला तापमापक सोडावा तसे हे आहे. आकडा मिळतो आणि तो खराही असतो, पण विचारले होते ते वेगळेच.

त्यात एक तर्कदोषही आहे. ‘मी हे केलेच नाही’ असे मुलगा म्हणाला, तर करतानाची त्याची मनःस्थिती कशी तपासणार? हे मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, असे कायदा बजावतो. प्रत्यक्षात मात्र गुन्हा घडला असे धरल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. गुरुग्राममधील शाळेतील खुनाच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे काम नाजूक असल्याचे सांगितले, आणि मंडळात बालमानसशास्त्राचे जाणकार नसतील तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक ठरवले. हे चांगलेच झाले. पण तज्ज्ञाच्या हाती साधन कोणते?

लैंगिक गुन्हा केलेल्या किशोरांसाठी उत्तर अमेरिकेत काही धोकामापन सूच्या तयार झाल्या आहेत. जे-सोप ही त्यांतली प्रसिद्ध सूची, २८ मुद्द्यांची. त्यात राहण्याचे ठिकाण स्थिर आहे का, शाळेतील स्थैर्य कसे आहे, सांभाळणारी माणसे बदलत राहिली का, असे मुद्दे आहेत. आता आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगाराचे मूल डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आसपास टोळी निघते. मूल कधी आजीपाशी गावी, कधी आईबापांबरोबर कारखान्यावर कोपीत. पटावर नाव एकीकडे, मूल दुसरीकडे. या सूचीवर त्याचे गुण गुन्ह्याआधीच वाढलेले असतील. गरिबी आणि स्थलांतर हे धोक्याच्या खात्यात जमा होणार! सूची करणाऱ्यांना दोष नाही. त्यांची मुले वेगळी होती.

अशा सूच्यांत पश्चात्तापालाही गुण असतात. मुलगा रडला तर चांगला, मख्ख बसला तर निर्ढावलेला. वर्गात छडीपुढे मख्ख उभी राहणारी मुले आपण पाहिली आहेत. ती सगळी निर्ढावलेली असतात का? भीतीने आणि लाजेनेही चेहरा दगड होतो. शिवाय लाज आणि अपराधाची टोचणी या दोन वेगळ्या भावना आहेत. ‘मी वाईट आहे’ ही लाज. ‘मी वाईट केले’ ही टोचणी. अमेरिकेतील तुरुंगात असलेल्या ४७६ प्रौढांच्या अभ्यासात (टँगनी व सहकारी, २०१४) टोचणी असणाऱ्यांकडून पुन्हा गुन्हे कमी घडले. लाजेचे तसे नव्हते. लाजेतून काही जण दोष दुसऱ्यावर ढकलू लागले आणि तेथे धोका वाढला. आपण मात्र आधी तोंडाला काळे फासतो आणि मग सुधारणेची वाट पाहतो. तपासणाऱ्याच्या मनातली घृणा हाही एक भावनिक घटक आहे, पण तिची नोंद कोणत्याच अर्जात होत नाही.

‘एकदा केले तो पुन्हा करणारच’ हा समज तर फारच पक्का आहे. काल्डवेल यांनी २०१६ मध्ये १०६ अभ्यासांतील ३३ हजारांहून अधिक किशोरांची माहिती एकत्र केली. सुमारे पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदला गेला तो पाच टक्क्यांहून किंचित कमी मुलांवर. (न नोंदलेले गुन्हे यात येत नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.) हे प्रमाण घेऊन वर्गात एक गणित करता येईल. शंभर मुलांत पाच जण पुन्हा गुन्हा करणार आहेत. आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ऐंशी टक्के अचूक आहे. पाचांतले चार ती पकडेल. उरलेल्या ९५ पैकी १९ जणांवरही ‘धोकादायक’ असा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या तेवीस जणांत खरे चारच.

उपचार नाहीत असे नाही. बोर्डुइन व सहकाऱ्यांनी ४८ मुलांवर केलेल्या प्रयोगात, घर, शाळा, मित्र या सर्वांना धरून केलेल्या उपचारांनंतर सुमारे नऊ वर्षांत ८ टक्के मुलांकडून पुन्हा लैंगिक गुन्हा घडला. नेहमीच्या समुपदेशनाच्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. संख्या लहान आहे, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. असे उपचार करणारा माणूस घरी जातो, आईवडिलांशी बोलतो, शाळेत येतो. निरीक्षणगृहातील तासाभराच्या मुलाखतीतून ते होणार नाही. आणि आईबाप मार्चपर्यंत फडातच असतील तर कोणाशी बोलणार?

जाता जाता आणखी एक. बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी आपखुशीने पळून गेली, तरी पॉक्सोखाली किमान दहा वर्षे शिक्षेचा आरोप येऊ शकतो, आणि तोही मुलगा याच मूल्यमापनासमोर बसतो. बळजबरी आणि पळून जाणे यांना एकच फूटपट्टी लावणारे साधन मला तरी शास्त्रीय वाटत नाही.

त्या गुरुजींना मी नंतर पत्र लिहिले. ‘कळत होते’ किंवा ‘नव्हते’ यांतले काहीच लिहू नका, असे सुचवले. कोणत्या महिन्यांत तो गैरहजर होता, घरी कोण असे, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचा, कोणी त्याला चिडवत असे का, त्याच्यावरच कधी कोणी हात टाकल्याची कुजबुज होती का, एवढे लिहा. आठवत नसेल ते सोडून द्या. आणि ती मुलगीही तुमच्याच शाळेत असेल, तर तिच्या वर्गात आधी जाऊन या.