रक्तवाहिन्यांची ‘वाढ’ आणि इन्सुलिन : एका क्रियापदाची चिकित्सा

मधुमेहाविषयीच्या मराठी आरोग्यपर लेखनात दोन उपमा रूढ आहेत. इन्सुलिन ही पेशीचे दार उघडणारी किल्ली आणि रक्तवाहिनी ही रक्त वाहून नेणारी नळी. पहिली उपमा साखरेपुरती खरी आहे. दुसरीने मात्र वाचकाची दिशाभूल केली आहे. नळीला फुटवे येत नाहीत. रक्तवाहिनीला येतात, आणि त्या व्यवहारात इन्सुलिनचाही हात असतो, ही गोष्ट या उपमांच्या चौकटीत सांगताच येत नाही. ‘वाहिनी’ हे नावही केवळ कार्यावरून पडलेले आहे. जुन्या ‘रोहिणी’ या शब्दात रंगाचा अर्थ प्रधान असला, तरी निदान ‘रुह्’, म्हणजे उगवणे, या धातूचा ध्वनी ऐकू येतो.

इन्सुलिन या नावाच्या मुळाशी बेटाचा वाचक लॅटिन शब्द आहे. स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांचे वर्णन लँगरहान्सने १८६९ मध्ये केले, त्यांवरून ते पडले. मराठी परिभाषाकारांनी ‘द्वीपके’ म्हटले. वास्तविक ‘बेट’ हा शब्द अधिक नेमका होता; कारण कोकणात बांबूचेही बेटच असते, आणि हे पेशीपुंज तसेच दाटीने उगवलेले दिसतात. असो.

इन्सुलिन हे वाढीचेही संप्रेरक आहे, हे गर्भावस्थेत स्पष्ट दिसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, पुण्याची नवजात बालके लंडनच्या बालकांपेक्षा वजनाने हलकी असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक असते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींवरही इन्सुलिनचे ग्राहक असतात. तेथे त्याचा संदेश दोन वाटांनी जातो. एका वाटेने नायट्रिक ऑक्साइड निर्माण होऊन वाहिनी सैलावते. दुसरीने पेशींच्या वाढीस चालना मिळते. व्हीईजीएफ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे, नव्या वाहिन्यांस फूट आणणारे प्रथिनही इन्सुलिनमुळे अधिक निर्माण होते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की पहिली वाट मंदावते, दुसरी बरीचशी चालू राहते.

मधुमेहात मग एक विलक्षण विसंगती दिसते. दृष्टिपटलातील केशिका दीर्घकाळच्या अतिरिक्त साखरेने बंद पडतात, प्राणवायूस मुकलेले पटल व्हीईजीएफ सोडते, आणि नको तेथे ठिसूळ वाहिन्या उगवतात. उलट पायाच्या जखमेत, जेथे त्या हव्यात, तेथे त्या पुरेशा येत नाहीत. जांभ्यावर अनवाणी चालणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा भेद पुस्तकी नाही. वाढ तेवढी चांगली नव्हे, हे येथील हापूसच्या बागायतदारास शिकवावे लागत नाही. मोहोराच्या वेळी पालवी फुटली तर हंगाम जातो, हे तो जाणतो.

अशा वेळी मराठी लेखक काय लिहितो? ‘रक्तवाहिन्या वाढतात.’ या ‘वाढणे’त संख्या, लांबी, रुंदी सर्वच आले, पानात अन्न वाढणेही त्याच शब्दाने होते. ‘फुटणे’ त्याहून फसवे. ‘डोळ्यांत वाहिनी फुटली’ म्हणजे अंकुरली की भंगली? दृष्टिपटलात दोन्ही घडतात, आणि त्याच क्रमाने. तेव्हा ‘फुटवा’ हे नाम नव्या वाहिनीस, ‘सैलावणे’ रुंदीस आणि ‘भंगणे’ रक्तस्रावास राखून ठेवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘फुटवा’ शेतकी वळणाचा आहे, असा आक्षेप येईल. पण ‘केशिका’ तरी केसावरूनच आलेली आहे.

हा काटेकोरपणा विद्वत्तेची हौस नव्हे. ‘इन्सुलिनने रक्तवाहिन्या वाढतात’ आणि ‘डोळ्यांतील वाहिन्या वाढल्याने दृष्टी जाते’ ही दोन वाक्ये शेजारी वाचणारा रुग्ण सुई टाकून देईल, आणि तर्कदृष्ट्या त्याला दोष देता येणार नाही. १४४१ रुग्णांवरील अमेरिका व कॅनडातील प्रयोगाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कसोशीच्या इन्सुलिनोपचाराने, आरंभी डोळे निर्दोष असलेल्यांत, दृष्टिपटलविकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र ज्यांना विकार आधीच जडला होता, त्यांपैकी काहींचा तो पहिल्या वर्षात थोडा बळावला. पुढे त्यांनाही लाभच झाला. म्हणून साखर झपाट्याने उतरविण्यापूर्वी दृष्टिपटल तपासून घ्यावे लागते. हे वाक्य रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पत्रकात, ‘वाढ’ हा शब्द न वापरता, लिहिले गेले पाहिजे.