कललेलं चाक : शर्यतीचं छायाचित्र आणि कॅमेऱ्याची ओळख

नवा कॅमेरा हातात आला की आपण काय करतो? घरातली माणसं टिपतो, कुंडीतली फुलं टिपतो, खिडकीतला उजेड टिपतो. त्यात चूक काहीच नाही. पण ही सगळी स्थिर बसणारी मंडळी आहेत, ती कॅमेऱ्याला सांभाळून घेतात. कॅमेऱ्याचा खरा स्वभाव कळायचा असेल, तर त्याच्यापुढे त्याला न जुमानणारं काहीतरी यावं लागतं. मोटारींची शर्यत नेमकी तशी गोष्ट आहे. म्हणून आज आपण शर्यतीचं एकच छायाचित्र घेऊन बोलणार आहोत.

छायाचित्र फ्रान्समधलं आहे, झाक-आंरी लार्तिग यांचं. वर्षानुवर्षं ते १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीचं म्हणून छापलं गेलं, पुढे अभ्यासकांनी ते १९१३ चं ठरवलं. लार्तिगचा जन्म १८९४ चा, म्हणजे तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगाच. चित्रात ६ क्रमांकाची मोटार उजवीकडे धावतेय. तिचं मागचं चाक गोल नाही, लंबगोल आहे आणि पुढे झुकलंय. रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मात्र उलट्या दिशेला, मागे कललेत. मोटारीचं नाक चौकटीबाहेर गेलंय. शाळेच्या स्पर्धेत असा फोटो पाठवला, तर परीक्षक बाजूलाच ठेवतील!

हे सगळं कलतं कशामुळे, ते आधी समजून घेऊ. त्या कॅमेऱ्यात काचेच्या प्लेटीच्या अगदी पुढ्यात एक पडदा असे आणि पडद्यात आडवी फट. ही फट सरकत जाते आणि प्लेटीवर पट्ट्यापट्ट्यानं उजेड पाडते. म्हणजे सगळं चित्र एका क्षणी उमटत नाही. प्लेटीवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फट वरून खाली आली की आधी जमीन उमटते आणि शेवटी आभाळ. चाकाचा तळ आधी टिपला गेला, माथा नंतर. मधल्या वेळात मोटार पुढे सरकली, म्हणून माथाही पुढे सरकला. चाक झुकलं ते असं.

मग माणसं मागे का कलली? कारण लार्तिग मोटारीच्या मागोमाग कॅमेरा फिरवत होता. छायाचित्रकार याला पॅनिंग म्हणतात. कॅमेरा उजवीकडे वळला की उभी असलेली दुनिया चौकटीत डावीकडे जाते. इथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते चित्राचं सगळं मर्म त्यातच आहे. लार्तिगनं कॅमेरा मोटारीच्या बरोबरीनं फिरवला असता, तर चाक गोलच राहिलं असतं. ते झुकलं, याचा अर्थ हात थोडा कमी पडला. नाक चौकटीबाहेर गेलं तेही याच कारणानं. तेव्हा हे चित्र निव्वळ मोटारीच्या वेगाचं नाही. मोटारीचा वेग, मनगटाचा वेग आणि फटीचा वेग, अशा तिघांची त्यात शर्यत लागलीय आणि तिचा निकाल आपल्याला डोळ्यांनी दिसतोय.

आता समीक्षेतला जुना वाद. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झार्कोव्स्की यांनी लार्तिगचं प्रदर्शन भरवलं आणि त्याची जगाला ओळख झाली ती एक निरागस, स्वयंभू मुलगा म्हणून. पुढे केविन मूर यांनी २००४ च्या पुस्तकात या प्रतिमेला आव्हान दिलं. हा मुलगा सुखवस्तू घरातला, वडिलांकडूनच छायाचित्रणाचा नाद लागलेला, बालपणापासून मोटारी आणि विमानं टिपणारा होता. आम्हाला दुसरी बाजू जास्त पटते. कललेलं चाक हा योगायोग असेल, पण तो योगायोग घडावा इतक्या वेळा वेगापुढे कॅमेरा धरून उभं राहणं, हा योगायोग नव्हे. ती तालीम आहे.

आजच्या कॅमेऱ्यांकडे या. ताशी ३०० किलोमीटरनं धावणारी फॉर्म्युला वन मोटार सेकंदाला सुमारे ८३ मीटर जाते. १/४००० सेकंदात ती जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते. टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, आणि मोटार मात्र शोरूममध्ये उभी केल्यासारखी दिसते. उलट १/६० सेकंदात ती सुमारे १.४ मीटर जाते. तेव्हा हात सोबत फिरला तर मोटार स्पष्ट राहते आणि मागचं सगळं पुसलं जातं. पण हे पुसलेले रंगसुद्धा आता ठरीव झालेत. शंभर फोटो पाहिले तरी कोणता कोणाचा, ते सांगता येत नाही.

गंमत म्हणजे ती फट अजून गेलेली नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. पूर्ण चौकट वाचायला १/३० सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात तीच मोटार पावणेतीन मीटर पुढे जाते. तुम्ही १/४००० लावलं असलं, तरी ते एकेका ओळीपुरतं, सगळ्या चौकटीला नाही. म्हणून मोटार स्पष्टही येते आणि तिरकीही येते. हे माहितीपुस्तिका वाचून लक्षात राहत नाही, चाक कललेलं पाहिलं की राहतं. २०२३ मध्ये सोनीनं जाहीर केलेल्या अल्फा ९ थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी उजेड टिपतो. तिथे चाक असं कलणार नाही. वृत्तछायाचित्रकाराला ते हवंच, आमची त्याबद्दल तक्रार नाही. उलट बाजूला जोशुआ पॉल यांच्यासारखे छायाचित्रकारही आहेत, ज्यांनी शंभर वर्षं जुना ग्राफ्लेक्स कॅमेरा घेऊन फॉर्म्युला वन टिपलं.

यातला कोणता कॅमेरा श्रेष्ठ, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. प्रश्न असा, की आपला कॅमेरा काळ कसा मोजतो हे आपल्याला माहीत आहे का? मोटार शोधणं, फोकस धरणं, सेकंदाला वीस-तीस फोटो घेणं, हे सगळं कॅमेराच करू लागला आणि आपण फक्त त्यातून निवडू लागलो, तर चित्रात आपलं मनगट उरत नाही. लार्तिगच्या चित्रात ते आहे, कमी पडलेलं का असेना.

ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतलाय, त्यांना शर्यतीच्या मैदानापर्यंत जायचीही गरज नाही. रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि येणारी एसटी टिपा. आधी १/१०००, मग १/१२५, मग १/३०. नंतर तीच उजळणी इलेक्ट्रॉनिक शटरवर करा, एकदा हात स्थिर ठेवून आणि एकदा फिरवून. घरी आल्यावर फसलेले फोटो लगेच पुसू नका. एसटी कुठे वाकली, विजेचा खांब कोणत्या बाजूला कलला, आणि त्यात कॅमेऱ्याचा वाटा किती, हाताचा किती, हे एकेक करून पाहा. पुढच्या वेळी ते फोटो घेऊन या. आपण ते इथेच, सगळ्यांसमोर वाचू. आज इथे थांबू या.