तक्ता पाठ, बोट बॅकस्पेसवर

शाळेच्या संगणक-कक्षात भिंतीवर एक तक्ता बहुधा असतोच. कंट्रोल-सी म्हणजे नक्कल, कंट्रोल-एक्स म्हणजे कापणे, कंट्रोल-व्ही म्हणजे चिकटवणे, कंट्रोल-पी म्हणजे छपाई, अशा वीस-पंचवीस ओळी. त्यावर परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो आणि मुले तो बरोबर सोडवतात. तीच मुले निबंध टंकायला बसली, आणि चार शब्द मागे एखादी चूक दिसली, की बॅकस्पेस दाबून धरतात. मधले तीन बरोबर शब्दही पुसले जातात आणि मग ते पुन्हा टंकले जातात. शिक्षकही हेच करताना आम्ही पाहिले आहेत, आणि आम्ही स्वतःही बरीच वर्षे हेच करत होतो.

तक्त्यातील एकही ओळ चूक नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या तक्त्यात क्रियापदे आहेत, कर्म नाही. कापा, पण काय कापा? नक्कल करा, पण कशाची?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे या कळांचा इतिहास पाहिला की कळते. अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात 1974 साली ब्राव्हो नावाचा एक संपादक (म्हणजे मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्याची आज्ञावली) तयार झाला. त्यात एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी आज्ञा देई. कोणती अवस्था चालू आहे हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे. ते विसरून कोणी 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकला तर काय होई पाहा. ई म्हणजे सगळे निवडा, डी म्हणजे पुसा, आय म्हणजे नवे घाला, आणि उरला टी. सगळा लेख जाऊन पडद्यावर एकटा टी!

याच केंद्रातील लॅरी टेस्लर (1945–2020) यांना अशा अवस्थांचा मनस्वी तिटकारा होता. टिम मॉट यांच्यासह त्यांनी 1975 च्या सुमारास जिप्सी हा संपादक तयार केला, तोही झेरॉक्सच्या मालकीच्या एका पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेसाठी. तेथील संपादक हस्तलिखित कात्रीने कापून डिंकाने चिकटवत. 'कट' आणि 'पेस्ट' ही नावे त्या टेबलावरची आहेत. जिप्सीचा नियम साधा होता: आधी मजकूर निवडा, मग त्याचे काय करायचे ते सांगा. पुढे 1983 मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळांना ही कामे मिळाली आणि तीच सर्वत्र रूढ झाली.

म्हणजे निवड हे निम्मे काम आहे, आणि आमचा तक्ता नेमका तोच निम्मा भाग गाळतो. कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली की कर्सर एकेका शब्दाने सरकतो. जोडीला शिफ्ट धरली की ओलांडलेला मजकूर निवडला जातो. होम आणि एंड या कळा ओळीच्या टोकांना नेतात, कंट्रोलसह दाबल्या तर लेखाच्या टोकांना. एवढ्या पाच-सहा कळांची सरमिसळ केली की तक्त्यातील प्रत्येक क्रियापदाला कर्म मिळते. हे पाठांतर नव्हे, व्याकरण आहे.

याने वेळ खरोखर वाचतो का? कार्ड, मोरन आणि न्यूवेल यांनी 1980 साली अशा कामांच्या वेळांचे कोष्टक मांडले. त्यांच्या हिशेबाने साधारण टंकणाऱ्याला एक कळ दाबायला 0.28 सेकंद, हात माऊसवर न्यायला 0.4 आणि जागा नेमकी टिपायला 1.1 सेकंद लागतात. हात परत आणण्याचे आणखी 0.4 धरले तर माऊसची एक फेरी 1.9 सेकंदांची. चार शब्द मागे जायला कंट्रोल आणि चार बाण, म्हणजे पाच कळा, 1.4 सेकंद. पण चूक दहा ओळी वर असेल तर माऊसच जिंकतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याच कोष्टकात आणखी एक आकडा आहे: 'आता काय करायचे' हे मनाशी ठरवायला 1.35 सेकंद. तक्ता आठवण्यात हे सेकंद जात असतील तर बोटांनी वाचवलेले डोके खर्च करून टाकते. वीस कळा आठवण्यापेक्षा सहा कळा हातात बसलेल्या बऱ्या.

मराठी लिहिणाऱ्याची तर आणखी एक अडचण आहे. इंग्रजी मुलाला सी पाहून 'कॉपी' आठवते. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याच कळेवर 'म' आहे, व्हीवर 'न' आणि एक्सवर अनुस्वार. आज्ञा मात्र त्याच कळांवर राहतात. आमच्या मुलाला अक्षर काहीच सुचवत नाही. जागाच ओळखीची व्हावी लागते.

शिवाय देवनागरीत 'एक अक्षर पुसणे' म्हणजे काय, हेच सरळ नाही. 'विद्यार्थी' हा शब्द संगणक दहा चिन्हांनी साठवतो: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. बॅकस्पेस यातले एकेक चिन्ह मागून काढते, म्हणजे पूर्ण शब्दाला दहा वेळा, कंट्रोल-बॅकस्पेस एकदाच. पण कोणी 'विद्यार्थि' लिहिले असेल तर? पहिली वेलांटी डोळ्यांना 'र्थ'च्या आधी दिसते, साठवलेली असते शेवटी. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकदा दाबा, फक्त वेलांटी जाते. दुसरी टंका, काम झाले. पुढचे पुसणारी डिलीट मात्र बहुतेक संपादकांत अख्खे जोडाक्षर घेऊन जाते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारणाऱ्याला छपाईच्या कळेपेक्षा हा फरक रोज लागतो, आणि आम्ही पाहिलेल्या एकाही तक्त्यात तो नव्हता.

तेव्हा पुढच्या तासाला तक्ता झाकून ठेवावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या बारा चुका असलेला एक परिच्छेद द्यावा, माऊस बाजूला काढावा, आणि मुले कोणती कळ किती वेळा दाबतात ते शेजारच्या मुलाला मोजू द्यावे.