पुन्हा पुन्हा बंद पडणारा ई-मेल आणि सात कलमांचा कागद

पुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो. आज मात्र एका पानाच्या लेखनाचे परीक्षण करायचे आहे. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो, तेव्हा कार्यालयातील संगणकाच्या वर हे पान भिंतीला चिकटवलेले दिसले. कोणत्या तरी प्रशिक्षणात ते वाटले गेले होते. लेखकाचे नाव नाही. मथळा असा : 'ई-मेल प्रोग्रॅम वारंवार बंद पडत असल्यास'. त्याखाली सात कलमे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, व्हायरस तपासा, प्रोग्रॅम अद्ययावत करा, खाते काढून पुन्हा जोडा, नवीन प्रोफाइल तयार करा, प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवा, आणि तरीही अडचण राहिल्यास विंडोज नव्याने टाका.

यातले एकही कलम खोटे नाही, हे आधीच मान्य करतो. प्रत्येक उपायाने कोणाचा ना कोणाचा संगणक दुरुस्त झालेला आहे. आमची तक्रार निराळी आहे. बिघाड कोठे आहे हा प्रश्न या पानात एकदाही विचारलेला नाही. साती कलमे 'करा' अशी आहेत, 'पाहा' असे एकही नाही. शाळेत उपयोजित विज्ञानाचे जे लिखाण सर्वांत जास्त वेळा उघडून वाचले जाते, त्यात असले पान नक्कीच मोडते; म्हणून ही उणीव आम्हाला किरकोळ वाटत नाही.

त्या शाळेत काय झाले ते सांगतो. मुख्याध्यापकांच्या संगणकावरचा ई-मेल प्रोग्रॅम उघडे, वीसेक सेकंद चाले आणि आपोआप बंद पडे. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने कागदाप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. पाचव्या कलमाला नवे प्रोफाइल केले आणि डिस्कवर जागा कमी म्हणून जुने पुसून टाकले. सहाव्या कलमाला प्रोग्रॅम नव्याने बसवला. तो उघडला, वीसेक सेकंद चालला आणि बंद पडला! जुन्या प्रोफाइलबरोबर शाळेचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार मात्र गेला. शिष्यवृत्तीच्या अर्जांची उत्तरे, दाखल्यांच्या चौकशा, सगळे त्यातच होते. हा प्रोग्रॅम सर्व्हरवरून पत्रे उतरवून घेई आणि मग सर्व्हरवरची प्रत काढून टाकी. त्यामुळे त्या पत्रांची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा विंडोज नव्याने टाकण्याची, म्हणजे सातव्या कलमाची तयारी चालली होती. तेवढ्यात दहावीतल्या एका मुलीने एक गोष्ट दाखवली. प्रोग्रॅमच्या खालच्या पट्टीवर 'संदेश ३' अशी अक्षरे आली की तो बंद पडतो. दर वेळी ३ वरच. शिवाय इनबॉक्समध्ये पहिली दोन पत्रे अनेकदा आलेली दिसत होती. मग नेटची वायर काढून प्रोग्रॅम उघडला. तो दहा मिनिटे सुरळीत चालला. वायर लावली, पुन्हा ३ वर बंद.

या एका वायरीने कागदावरची निम्मी कलमे बाद केली. नेटशिवाय प्रोग्रॅम चालतो, म्हणजे दोष प्रोग्रॅम सुरू होण्यात नाही, पत्रे उतरवण्यात आहे. नव्याने बसवूनही तो त्याच जागी पडतो, म्हणजे कारण बहुधा या संगणकात नाहीच. ते बाहेरून, तिसऱ्या पत्राबरोबर येते आहे. ब्राउझरमधून तेच खाते उघडले, तिसरे पत्र पाहिले. मोठमोठी जोडपत्रे असलेले ते पत्र होते. ते तेथूनच काढून टाकले. प्रोग्रॅमने उरलेली पत्रे निमूटपणे उतरवून घेतली.

आता प्रश्न उरतो की, तेच पत्र पुन्हा पुन्हा का यावे? पत्रे उतरवण्याची जी पद्धत हा प्रोग्रॅम वापरतो, तिला पॉप-३ म्हणतात. तिचे नियम मे १९९६ मध्ये आर.एफ.सी. १९३९ या दस्तऐवजात नोंदवले गेले. त्यात अशी तरतूद आहे की, प्रोग्रॅमने एखादे पत्र 'काढून टाका' असे सांगितले तरी सर्व्हर त्यावर फक्त खूण करतो. प्रोग्रॅमने शेवटी रीतसर निरोप घेतला तरच खूण केलेली पत्रे खरोखर काढली जातात. जोडणी मध्येच तुटली तर सर्व खुणा रद्द होतात. पत्र हरवू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे. परंतु प्रोग्रॅम निरोप न घेताच कोसळत असेल, तर पहिली दोन पत्रे पुन्हा येणार, तिसरेही पुन्हा येणार, आणि प्रोग्रॅम पुन्हा कोसळणार. इनबॉक्समधल्या त्या जादा प्रतींचा अर्थ हा होता. साती कलमे शंभर वेळा केली असती तरी हे चक्र थांबले नसते.

हा प्रकार खेड्यातल्या एका शाळेपुरता नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲपलच्या आयफोनवर व मॅकवर संदेशांचे आणि ई-मेलचे प्रोग्रॅम एका तेलुगू जोडाक्षरामुळे कोसळत होते. ते अक्षर 'ज्ञा' होते, विज्ञानातले 'ज्ञा'! त्यात एक न दिसणारे, अक्षरे जोडू नका असे सांगणारे चिन्ह दडलेले असे. असा संदेश पडद्यावर आला की प्रोग्रॅम बंद. पुन्हा उघडला की पहिल्यांदा तोच संदेश दाखवायचा, की पुन्हा बंद. ई-मेलचा प्रोग्रॅम येथे निरपराध होता. दोष होता तो सर्व प्रोग्रॅमना अक्षरे काढून देणाऱ्या 'कोअरटेक्स्ट' या सामाईक भागात. मनीष गोरेगावकर या संगणक अभियंत्याने त्याच महिन्यात याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत आपल्या प्रयोगवहीत शोभण्यासारखी आहे. कधी एक व्यंजन बदलून पाहायचे, कधी दुसरे, कधी स्वर. त्यातून असे दिसले की दोष एका अक्षराचा नसून एका रचनेचा आहे, आणि ती रचना तेलुगूखेरीज बंगालीत व देवनागरीतही होऊ शकते. देवनागरीत दुसरे व्यंजन 'र' असेल तेव्हा. नेहमीच्या मराठी लेखनात ते लपलेले चिन्ह अशा ठिकाणी क्वचितच येते, म्हणून आपल्याला झळ लागली नाही. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ॲपलने दुरुस्ती दिली.

दुसरे उदाहरण १५ जुलै २०२० चे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा आउटलुक हा प्रोग्रॅम जगभर अनेकांच्या संगणकांवर उघडताक्षणीच बंद पडू लागला. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने केली. त्या सकाळी आपला कागद हाती धरून कोणी सातव्या कलमापर्यंत गेला असेल, तर त्याने चांगली विंडोज फुकट पुसली असे म्हणावे लागेल. शेजारच्या टेबलावरही तोच प्रोग्रॅम बंद पडतो आहे काय, एवढे विचारणे पुरेसे होते. कागदात हा प्रश्न नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. कधी दोष खरोखर आपल्या डिस्कवरच असतो. आउटलुक ९७ पासून २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत सर्व पत्रे ज्या एका फाइलमध्ये राहत, तिची मर्यादा २ जीबी होती. फाइल त्यापुढे गेली की ती बिघडे. तेथे फाइल दुरुस्त करणे हाच उपाय. मात्र आधी फाइलची प्रत दुसरीकडे ठेवायची. ही सूचना कागदात पहिल्या ओळीत हवी होती. ती कोठेच नाही, आणि आमच्या मते हा त्याचा सर्वांत मोठा अपराध आहे.

थंडरबर्ड व आउटलुक या प्रोग्रॅममध्ये 'सेफ मोड'सारखी जी सोय आहे, तिचाही कागदाला पत्ता नाही. या पद्धतीने उघडल्यास बाहेरून जोडलेले पूरक भाग बंद राहतात. तेवढ्याने प्रोग्रॅम टिकला तर दोष त्या भागांपैकी कशात तरी असण्याचा संभव मोठा. मग ते निम्मे निम्मे करून चालू करीत गेले की आठ भागांतला दोषी भाग तीन चाचण्यांत सापडतो. काहीही पुसावे लागत नाही. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये तर प्रत्येक वेळी नोंदच होते : प्रोग्रॅम कोसळल्याच्या नोंदीचा क्रमांक १०००, आणि तीत कोणत्या भागात असताना तो कोसळला त्याचे नाव. ते नाव म्हणजे गुन्हेगारच असे नव्हे, परंतु निदान पत्ता तरी मिळतो. आम्ही पाहिलेल्या संगणकात अशा नोंदींची रांग लागली होती. ती कोणी उघडली नव्हती.

जालना हा मोसंबीचा जिल्हा. बागेत झाडे वाळू लागली तर जाणता शेतकरी एकाच दिवशी पाणी बदलून, खत घालून वर औषध फवारीत नाही; तसे केल्यास झाड कशाने सुधारले हे त्याला पुढच्या वर्षी कळणार नाही. एक ओळ तो न फवारता ठेवतो. ज्या विद्यार्थिनीने 'संदेश ३' पाहिला तिला हे कदाचित घरीच ठाऊक असेल. आम्ही विचारले नाही.

तंत्रज्ञाला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. दिवसाला पाच-सहा शाळा करायच्या असतील तर न पाहता करण्याजोगी यादी कोणालाही हवीशी वाटते. यादी लिहिणाऱ्याने मात्र तिचा क्रम तरी विचारपूर्वक लावावा. कमी वेळात होणारे आणि काही न पुसणारे आधी, पुसणारे शेवटी.

आमची स्वतःचीही एक चूक नोंदवून ठेवतो. ते तिसरे पत्र ब्राउझरमधून आम्हीच काढून टाकले आणि कचरापेटीही रिकामी केली. पाठवणाऱ्या कार्यालयाला विचारून पाहिले, त्यांच्याकडे ते नव्हते. त्याची प्रत ठेवली असती, तर जोडपत्रे एकेक करून स्वतःलाच पाठवून नेमक्या कशाने प्रोग्रॅम पडत होता ते ठरवता आले असते. पत्र मोठे होते म्हणून, की एखादे जोडपत्र बिघडलेले होते म्हणून, की एखाद्या फाइलच्या नावातील अक्षरांमुळे, हे आता सांगता येत नाही.