एका स्वराच्या खांद्यावर

'स्ट्रेंथ' हा इंग्रजी शब्द मला अर्थाआधी त्याच्या बांध्यामुळे आवडला. स्पेलिंगमध्ये ८ अक्षरं आणि स्वर एकटा 'ई'. पुढे तीन व्यंजनं, मागे चार. अनेकवचनात आणखी एक चढतं. सगळा भार त्या एकट्यानं पेललेला! 'स्ट्राँग'मधला स्वर इथे 'ए' का झाला, तेही ऐकण्यासारखं आहे. फार जुन्या रूपात शब्दाच्या शेवटाकडे एक 'इ' होता. त्यानं आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि पुढे तो स्वतः झिजून गेला. 'लाँग'चं 'लेंग्थ' होतं तेही असंच.

अर्थाची चव 'पॉवर'शेजारी ठेवल्यावर कळते. पॉवर खुर्चीला असते, खुर्चीबरोबर जाते. नवरा गेल्यावर घर सावरणाऱ्या बाईबद्दल बोलताना इंग्रज 'स्ट्रेंथ'च म्हणेल. या शब्दाचा ओढा सोसण्याकडे आहे.

बांधकामावर हे डोळ्यांनी दिसतं. स्लॅबसाठी आलेलं थोडं काँक्रीट १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात भरतात, दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून पाण्यात ठेवतात. २८ दिवसांनी तो यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये धरून दाब वाढवत नेतात. काटा चढत राहतो, कडांना बारीक तडे जातात, ठोकळा फुटतो. फुटेपर्यंत त्यानं जेवढा दाब सोसला, ती त्याची स्ट्रेंथ. साइटवर विचारतात, "क्यूबची स्ट्रेंथ आली का?" हे 'आली' मला फार मोलाचं वाटतं. ती पाण्यात मुरत मुरतच येते.

'फ्रॉम स्ट्रेंथ टू स्ट्रेंथ' हा वाक्प्रचार आज कंपन्यांच्या भरभराटीसाठी वापरून गुळगुळीत झालाय, याचं वाईट वाटतं. तो बायबलच्या ८४व्या स्तोत्रातला, सियोनच्या वाटेनं चालणाऱ्या यात्रेकरूंसाठीचा. चालून थकायचं तिथे त्यांचं बळ वाढत जातं!

मराठीत 'स्ट्रेंथ'ला एकच शब्द पुरत नाही. चहाचा कडकपणा, औषधाची मात्रा, माणसाची जमेची बाजू, सगळं त्यात मावतं. पलटणीतल्या माणसांची संख्या हाही त्याचा जुना अर्थ, आणि आपल्या शाळांत पटाला 'स्ट्रेंथ' म्हणतात. एखाद्या वाडीवरच्या शाळेतून ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर दोन पोरं जातात. गुरुजी हजेरी मिटत म्हणतात, "स्ट्रेंथ कमी झाली." तेव्हा मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात.