संधिप्रकाशातील दुर्बीण : किमतीचे गणित आणि डोळ्याचे गणित

जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत शिकारीसाठी द्विनेत्री दुर्बीण घ्यायला जाणाऱ्याच्या हाती जी माहितीपत्रके पडतात, त्यांत एक आकडा बहुधा असतोच. त्याला आपण ‘संधिप्रकाशांक’ म्हणू. हा आकडा जितका मोठा, तितकी दुर्बीण अंधुक उजेडात चांगली, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. झाइस, लायका, स्वारोव्स्की यांच्या उत्तम दुर्बिणींची किंमत आज दोन हजार युरोंच्या वर जाते. कामचलाऊ दुर्बीण शंभर-दीडशे युरोंतही मिळते. एवढा फरक कशाबद्दल द्यायचा, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम शिकाऱ्याची गरज पाहू. हरणासारखी जनावरे दाट झाडीतून बाहेर येतात ती पहाटे आणि दिवेलागणीला. जर्मन कायद्यानुसार रानडुक्कर सोडून इतर खुरवाल्या जनावरांची शिकार सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंतच करता येते. शिवाय पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या जनावरावर गोळी झाडायला मनाई आहे. म्हणजे मचाणावरच्या शिकाऱ्याला समोर नर आहे की मादी, मागे गवतात पिल्लू आहे की नाही, हे विझत्या उजेडात ओळखावे लागते. ओळख चुकली तर ती चूक दुरुस्त होत नाही. दुर्बिणीचे खरे काम हे आहे.

आता तो आकडा. विशालन आणि वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे संधिप्रकाशांक. ८×५६ दुर्बिणीसाठी तो सुमारे २१.२ येतो. पण कोणी ५६ पट विशालनाची आणि अवघ्या ८ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बनवली, तर तिचाही संधिप्रकाशांक २१.२ च येईल! तिच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका जेमतेम एक-सप्तमांश मिलिमीटर जाड असेल आणि संध्याकाळी तिच्यातून काहीही दिसणार नाही. सूत्रात तथ्य नाही असे नाही. मंद प्रकाशात मोठी प्रतिमा ओळखायला सोपी जाते हे खरेच आहे. पण काचेचा दर्जा, लेप, जुळणी यांपैकी एकही गोष्ट या सूत्रात नाही. शंभर युरोंची ८×५६ आणि अडीच हजारांची ८×५६ यांचा संधिप्रकाशांक अगदी सारखाच. तेव्हा महाग दुर्बिणीच्या समर्थनार्थ हा आकडा पुढे करणे निरर्थक ठरते.

दुसरा दावा प्रकाशाच्या पारगमनाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी १६ पृष्ठे ओलांडली की जवळजवळ निम्माच प्रकाश उरतो. झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेप शोधला तो याच अडचणीवर. आजच्या बहुस्तरीय लेपांमुळे दर पृष्ठावरची हानी अर्धा टक्का धरली, तर १६ पृष्ठांनंतरही ९२ टक्के प्रकाश पोहोचतो. म्हणून आज मध्यम किमतीची दुर्बीण ८० टक्के आणि अत्युत्तम दुर्बीण ९० टक्के प्रकाश देते असे मानू. फरक साडेबारा टक्क्यांचा. ऐकायला तो मोठा वाटतो.

पण घड्याळ लावून पाहा. निरभ्र आकाश असताना सूर्यास्ताच्या वेळी जमिनीवर सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत तो ३ ते ४ लक्सवर येतो. मध्य युरोपात याला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे दर साडेचार-पाच मिनिटांनी उजेड निम्मा होतो. या वेगाने साडेबारा टक्क्यांचा फायदा किती वेळ पुरेल? मिनिटभरही नाही! पारगमनासाठी दिलेल्या वरच्या दीड-दोन हजार युरोंची ही कमाई.

भिंग मोठे घेतल्याने मात्र जास्त मिळते, पण एका अटीवर. ८×४२ मधून सव्वापाच मिलिमीटर जाड शलाका बाहेर पडते, ८×५६ मधून ७ मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते; त्याला पावणेदोन पट प्रकाश, म्हणजे सुमारे चार मिनिटे जास्त मिळतील. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते. साठीच्या सुमारास अनेकांची ती पाच मिलिमीटरच उघडते. अशा शिकाऱ्याने ५६ मिलिमीटरचे ओझे मानेला अडकवले, तरी जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. दुर्बिणीतले शेवटचे भिंग आपला डोळाच असतो आणि तो दुकानात बदलून मिळत नाही.

मग महाग दुर्बीण म्हणजे निव्वळ फसवणूक काय? आमचे मत तसे नाही. तिच्यात जे मोलाचे आहे ते आकड्यांत मावत नाही इतकेच. मावळतीच्या उजळ आकाशाखाली काळोखी झाडी पाहताना नळीच्या आत भटकणारा प्रकाश प्रतिमेवर धुक्यासारखा पसरतो. उत्तम दुर्बिणीत तो निगुतीने अडवलेला असतो. पिल्लू दिसणे न दिसणे याच गोष्टीवर ठरू शकते. सरळ नळीच्या दुर्बिणींतील छप्पर-लोलकात प्रकाशलहरींची कला बिघडून प्रतिमा फिकी होते. १९८८ पासून त्यावर विशेष लेप आहे. पाणी आत न शिरणे, धक्का बसूनही दोन्ही नळ्या समांतर राहणे, हेही महत्त्वाचे. पण यातले बरेचसे आता चारशे-पाचशे युरोंत मिळते. त्यापुढे प्रत्येक सुधारणा अधिक लहान आणि अधिक महाग होत जाते. रोज पहाटे-संध्याकाळ, पावसापाण्यात, वर्षानुवर्षे दुर्बीण वापरणाऱ्यालाच ती परवडावी.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. आपल्या शाळांना दुर्बीण हवी ती पक्षी आणि आकाश पाहण्यासाठी. पण तर्क तोच. लोलक तिरपे बसवलेली, रुंद खांद्यांची जुन्या घाटाची दुर्बीण घ्यावी. तिला ते महागडे लेप लागतच नाहीत, म्हणून त्याच पैशांत प्रतिमा बहुधा सरस मिळते. आठ पट विशालनात हाताचा कंपही आठ पट होतो, तेव्हा उरलेल्या पैशांतून तिपाई घ्यावी.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी विद्यार्थ्यांकडून करून घ्याव्यात. वस्तुभिंगात ट्यूबलाइटची प्रतिबिंबे पाहावीत : ती हिरवट-जांभळी असतील तर लेप आहेत, एखादे पांढरे शुभ्र असेल तर ते पृष्ठ कोरडेच आहे. दुर्बीण हातभर लांब धरून नेत्रिकेतील प्रकाशाची चकती पाहावी : ती पूर्ण गोल हवी, कडा कापलेल्या नकोत. शेवटी तिची रुंदी पट्टीने मोजून, विशालनाने गुणून, भिंगाच्या छापील व्यासाशी ताडावी. छापील आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो मोजून पाहायचा असतो, हा धडा दुर्बिणीच्या किमतीहून मोठा आहे.