सेल बदलताना नोंदी कुठे जातात?

हातात धरून वापरायच्या मोजयंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात सेल बदलण्याविषयी बहुधा एक-दोन ओळीच असतात. यंत्र बंद करा, जुने सेल काढा, नवे लगेच बसवा. ओळी चुकीच्या नाहीत. आमची तक्रार एवढीच, की त्या कारण सांगत नाहीत. आणि कारण न सांगितलेली सूचना घाईच्या वेळी सर्वांत आधी मोडली जाते.

भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याहून वज्रेश्वरीकडे वळले, की पुढे अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे लागतात. तापमानाचा प्रकल्प करायला आसपासच्या शाळांना याहून चांगली जागा नाही. सकाळपासून दर पाच मिनिटांनी तापमान टिपणाऱ्या यंत्राचे पेन्सिल सेल दुपारी उतरले आणि यंत्र चालू असतानाच कुणी ते उपसले, तर मुलांची दिवसभराची मेहनत जाऊ शकते. काही पुस्तिका अडॅप्टर जोडून सेल बदलायला सांगतात. कुंडाच्या काठावर प्लग कुठून आणायचा?

आता ‘बंद करा’ यामागचे गणित पाहू. जुन्या धाटणीच्या यंत्रांत सेल नसतानाच्या काळात स्मृतीला वीज पुरवायला एक कपॅसिटर, म्हणजे धारित्र, असते. समजा, ते १००० मायक्रोफॅरडचे आहे आणि व्होल्टता १ व्होल्टने घसरली तरी स्मृती तग धरते. बंद यंत्राची स्मृती २० मायक्रोअँपिअर प्रवाह घेत असेल, तर धारित्र ५० सेकंद पुरेल. यंत्र चालू असेल आणि पडदा वगैरे धरून २० मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल, तर? प्रवाह हजारपट, म्हणून वेळ हजारावा भाग: एका सेकंदाचा विसावा हिस्सा. एवढ्यात सेलचे झाकणसुद्धा बाजूला होत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना सहज जमेल असे हे गणित पुस्तिकेत चार ओळींत मावले असते.

आखणी करणाऱ्यांना हे ठाऊक होतेच. १९९० च्या दशकात अनेकांच्या खिशात असलेल्या कॅसिओच्या डिजिटल डायरीत मुख्य सेलखेरीज एक राखीव बटन सेल असे. दोन्ही एकदम काढायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले की झाले. १९९६ साली आलेल्या पायलट या हातसंगणकाच्या घराण्यात धारित्राच्या भरवशावर सेल बदलायला साधारण एक मिनिट मिळे. २००४ च्या टंगस्टन टी-५ पासून त्या घराण्यात नोंदी फ्लॅश स्मृतीत ठेवल्या जाऊ लागल्या. फ्लॅशमध्ये इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांच्या आत कोंडलेले असतात. वीज नसली तरी ते वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

इथे पाठ्यपुस्तकी भाषेलाही थोडे टोचायला हवे. वीज जाताच रॅममधील माहिती तत्क्षणी पुसली जाते, असे सर्रास शिकवले जाते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की वीज तोडल्यावरही संगणकाच्या डीरॅममधील माहिती काही सेकंद टिकते आणि चिप खूप थंड केली तर कित्येक मिनिटे. त्यावर विसंबून सेल काढू नयेत हे खरेच. पण ‘तत्क्षणी’ हा शब्द भौतिकीला धरून नाही.

फ्लॅश आली म्हणजे काळजी मिटली, हाही तसाच अर्धवट समज. टिपलेली नोंद आधी रॅममध्ये येते, मग फ्लॅशवर लिहिली जाते. फळ्यावरचे वहीत उतरवून होण्याआधीच फळा पुसला, तर वही कितीही चांगली असली तरी कोरीच राहणार. शिवाय फाइलींची अनुक्रमणिका अर्धी लिहिली असताना वीज गेली, तर जुन्या नोंदी शाबूत असूनही सापडत नाहीत. म्हणून आजच्या यंत्रातही नोंदणी थांबवायची, यंत्र रीतसर बंद करायचे आणि मगच बॅटरीला हात लावायचा. नंतर घड्याळ तपासायचे. ते मागे पडले असेल तर पुढच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते, आणि हा घोटाळा लवकर लक्षातही येत नाही.

निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना यातले काही ओळखीचे वाटेल. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटची बॅटरी मतदान चालू असताना बदलावी लागली तरी आधीची मते जात नाहीत. यंत्र बंद करून, प्रतिनिधींसमक्ष बॅटरी बदलून तो कप्पा पुन्हा मोहोरबंद करतात. ही कृती प्रशिक्षणात शिकवली जाते. मते का टिकतात हेही तिथेच दोन वाक्यांत सांगता येईल. मतदान केंद्रावर कुणी शंका काढली तर उत्तर त्या शिक्षकालाच द्यायचे असते.

मोबाइलच्या बॅटऱ्या आता बहुधा आत चिकटवलेल्या असतात, तेव्हा हा विषय जुना झाला असे कुणी म्हणेल. परंतु युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. पुस्तिकांत तेच पान पुन्हा लिहिले जाईल. तोवर शाळेत १००० मायक्रोफॅरडचे धारित्र, एक एलईडी आणि वेगवेगळे रोध घेऊन दिवा किती वेळ तेवतो ते मोजून पाहता येईल. मोठा रोध लावला की प्रकाश मंद आणि वेळ जास्त. बंद यंत्र आणि चालू यंत्र यांतला फरक तोच.